घरची पोर शेवटी

माझ्या मुलीने दहा वर्षांची असताना जाहीर केलं की तिला वसतिगृहाच्या शाळेत जायचं आहे, तेव्हा मी भाकरी थापत होते. तिने हे मला सांगितलं नाही. तिच्या बाबांना सांगितलं, पण अशा आवाजात की स्वयंपाकघरात नीट ऐकू यावं. आमच्या घरी महत्त्वाच्या गोष्टी अशाच कळवल्या जातात. आलापल्लीच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गुपित ठेवायला तशीही जागा नाही.

मी भाकर तव्यावर सोडून बाहेर आले आणि विचारलं, का? ती म्हणाली, असंच. बाबा म्हणाले, जाऊ दे की. मी म्हणाले, जाऊ दे म्हणजे काय, घरापासून पायी दहा मिनिटांवर चांगलं हायस्कूल आहे, तिथले अर्धे शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत, माझं बारीक लक्ष राहील. हे शेवटचं ऐकल्यावर तिने बाबांकडे बघितलं आणि बाबांनी छताकडे बघितलं. मला त्यातलं काही कळलं नाही. भाकर मात्र करपली.

मी शिक्षिका आहे, जिल्हा परिषदेची. माझी शाळा आलापल्लीपासून स्कूटीने पंचवीस मिनिटांवर, म्हणजे रस्ता चांगला असेल तर, म्हणजे कधीच नाही. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मुलीचे बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत आहेत. दिवसभर सागाचे लठ्ठे मोजतात. लठ्ठे बोलत नाहीत, त्यामुळे यांचीही बोलायची सवय गेली आहे. आमच्या घरात बोलण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून करते.

आमच्या भागात बरेच शिक्षक दिवसभर सरकारी शाळेत शिकवतात आणि स्वतःची मुलं मात्र कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवून देतात. मला त्याचा फार राग यायचा. राग मला कशाचाही पटकन येतो, पण हा टिकाऊ राग होता. म्हणून मुलगी सहा वर्षांची झाली तशी मी तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि माझ्याच शाळेत घातलं. घातलं ते घातलं, वर पुढची पाच वर्षं प्रत्येक शिक्षण परिषदेत ते सांगितलं, चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा. केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांतले, बाकीचे शिक्षक मी उभी राहिले की आधीच मान डोलवायला लागायचे.

आणि आता तीच मुलगी बोर्डिंगात निघाली होती. बातमी माझ्या आधी शाळेच्या गावात पोचली. पोलीस पाटलांच्या घरच्या बाईंनी मला फाटकातच गाठलं आणि हसत हसत विचारलं, "काऊन मॅडम, तुमच्याच हातून तुमची पोरगी पळून राह्यली?" मी पण हसले. मग वर्गात गेले आणि त्या दिवशी पोरांकडून सतरापासून पुढचे पाढे म्हणवून घेतले. पोरांचा काही दोष नव्हता.

माझ्या हातून म्हणजे काय होत होतं, ते सांगते.

मुलगी पहिलीत आली त्याच आठवड्यात भर वर्गात म्हणाली, "आई, शू." सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन पोरं मला आई म्हणायला लागली, आणि त्यातल्या एकाची खरी आई तेव्हा दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच दुपारी नियम केला. शाळेच्या फाटकातून आत आलं की मी मॅडम. तू इथली विद्यार्थिनी, मी इथली शिक्षिका. फाटकाबाहेर गेलो की मग आई. मुलीने मान हलवली. ती फार शहाणी मुलगी आहे, आणि शहाण्या मुलांना नियम सांगताना जरा जपून सांगावेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिने नियम इतका मनावर घेतला की एका रविवारी घरी जेवताना ती म्हणाली, मॅडम, वरणात मीठ नाही. तिच्या बाबांना इतकं हसू आलं की ठसका लागला. पुढचा आठवडाभर हा माणूस, जो एरवी तोंड उघडत नाही, तो सुद्धा "मॅडम, चहा भेटन का" म्हणत फिरत होता. ही गोष्ट आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगितली. दिवाळीत सांगितली, लग्नात सांगितली. मुलगी बाजूला उभी राहून ऐकायची. सगळे हसायचे. ती हसायची की नाही, हे मी कधी बघितलंच नाही.

दुसरा नियम तर माझ्या अभिमानाचा होता. घरची पोर शेवटी. खिचडी वाढायची तर तिला शेवटी. नवीन पुस्तकं आली की आधी सगळ्यांना कोरी, आणि जे कोपऱ्यात दुमडलेलं किंवा पावसात भिजलेलं निघेल ते तिला. प्रश्न विचारला की तिचा हात सगळ्यांत आधी वर जायचा, मला दिसायचा, आणि मी तो सोडून इतर सगळ्यांना विचारत जायचे. थोड्या वेळाने ती हात हळूच खाली घ्यायची. कुणी बोट दाखवायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमच्याकडे मास्तरच्या पोराला सगळं आधी मिळतं असं लोक धरूनच चालतात. मला त्यांना खोटं पाडायचं होतं, आणि पाच वर्षं मी ते पोरीच्या जिवावर पाडलं.

ती चौथीत असताना केंद्राच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. धावण्याच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर पंच म्हणून मी होते. माझी मुलगी आणि शेजारच्या गावची एक मुलगी, दोघी एकदमच आल्या. म्हणजे एकदम आल्या असं मी म्हणते. तिचे बाबा सुट्टी काढून बघायला आले होते. त्यांचं म्हणणं, आपली पोर चांगली हातभर पुढे होती, आणि लाकडं मोजणाऱ्या माणसाच्या नजरेला हातभर म्हणजे हातभर. मी पहिला नंबर दुसऱ्या मुलीला दिला. घरी येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत, पण ते तसेही बोलत नाहीत, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही.

तर शेवटी त्या दोघांपुढे माझं चाललं नाही आणि जूनमध्ये आम्ही तिला पोचवायला निघालो. शाळा बल्लारपूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, झाडांमध्ये. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिंपरी करत एसटीने चार तास. रस्ता खड्ड्यांमधून शोधावा लागतो. मांडीवर तिची पेटी, पायाशी गादीची गुंडाळी, आणि शाळेने दिलेली यादी माझ्या हातात. मी ती यादी तीनदा तपासली होती आणि तिच्यातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्तही केल्या होत्या. ती यादी नंतर वॉर्डन बाईंच्या हातात गेली तेव्हा त्यांनी लाल खुणा बघितल्या, मग मला बघितलं, आणि फक्त म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका का?"

पालकांची सभा झाली. मुलांकडे फोन राहणार नाही. दर रविवारी वसतिगृहाच्या फोनवरून सात मिनिटं बोलता येईल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेट, दहा ते एक. घरून आणलेलं खाणं भेटीतच संपवायचं, खोलीत न्यायचं नाही. आणि पालकांनी मुलांसमोर रडू नये. हे सगळं ऐकताना मला विचित्र वाटत होतं, कारण दर जूनमध्ये व्हरांड्यात उभी राहून पहिलीच्या पोरांच्या आयांना मी हेच सांगते, आणि याहून जरा चढ्या आवाजात. माझ्या शेजारी बसलेली एक बाई डोळ्यांना पदर लावून होती. मी सवयीने तिला म्हणाले, रडायचं नाही, मुलं बघतात. तिने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे जे बघितलं, त्यावरून मला पोलीस पाटलांच्या घरच्या बाई बऱ्या वाटल्या.

निरोप घेताना मी मुलीला सांगितलं, अक्षर नीट काढ, पाणी उकळलेलं पी, रोज एक पान शुद्धलेखन. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही, शेवटी मी ओढून नेलं. गोंडपिंपरी गेल्यावर बसमध्ये मला रडू कोसळलं. कंडक्टर चांगला होता, माझ्याकडे बघतच नव्हता.

रविवारच्या सात मिनिटांची आमच्याकडे वाटणी अशी झाली की पाच माझी आणि दोन बाबांची. माझ्या पाच मिनिटांत मी विचारायचे, घटक चाचणी कधी आहे, गणिताला कोण आहे, भागाकार कुठवर आला, इंग्रजीचं स्पेलिंग कसं चाललंय. ती उत्तरं द्यायची, एका एका ओळीची, बरोबर. मग बाबा फोन घ्यायचे आणि विचारायचे, आज काय खाल्लं? आणि त्यांच्या दोन मिनिटांत मुलगी सुटायची ती सुटायचीच. पोहे कसे होते, कुणाच्या पोह्यात किती शेंगदाणे आले, कुणाची चादर कुणी पळवली, खिडकीतून कोणतं माकड आलं. मला शेजारी बसून सगळं ऐकू यायचं. मला वाटायचं, यांना बरं आहे, सोपे प्रश्न विचारतात.

पहिली भेट जुलैच्या शेवटच्या रविवारी आली. मी शनिवारपासूनच कामाला लागले. वास्त्याची भाजी केली, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात आमच्याकडे त्याशिवाय जेवण होत नाही आणि मुलीचा त्यावर फार जीव. तांदळाच्या भाकरी केल्या. धोप्याच्या वड्या केल्या. पुण्याकडचे लोक त्यांना अळूवड्या म्हणतात आणि त्यात उगाच गूळ घालतात. मोठा स्टीलचा डबा भरला. चार तास तो मांडीवर धरून मी गेले, शेजारी बाबा.

जुलै म्हणजे रोवणीचे, भात लावायचे दिवस. धानाच्या बांधीत चिखल तयार असताना घरचं माणूस उठून भेटीला येत नाही, त्याला दोष देता येत नाही. त्यामुळे त्या रविवारी निम्म्या पोरांकडे कुणीच आलं नव्हतं. ती व्हरांड्यात कडेकडेने बसून दुसऱ्यांच्या डब्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. माझी मुलगी धावत आली, मला बिलगली, आम्ही बसलो, मी डबा उघडला. वास सुटला. आणि समोर ती पोरं.

आता तुम्हीच सांगा, शिक्षिकेने काय करावं? मी म्हणाले, या रे सगळे. चार आले, मग चौदा आले, मग गर्दी झाली, तेव्हा मला ते बघवेना. मी उठले. सगळ्यांना ओळीत बसवलं. लहान पुढे, मोठे मागे. हात धुऊन या म्हणाले. भाकरीचे चतकोर केले, वड्या मोजल्या, एकेकाला एकेक वाढत गेले. मुलीला म्हणाले, तू ताटल्या दे. ती देत गेली. शेवटच्या मुलीपर्यंत पोचले तेव्हा डब्यात अर्धी वडी होती आणि वास्त्याची भाजी नुसती तेलापुरती. मी ती अर्धी वडी माझ्या मुलीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, तू काय, घरची आहेस. पुढच्या वेळी करू.

ती म्हणाली, हो मॅडम.

मला त्यात काही खटकलं नाही. जुनी सवय, असं वाटून मी हसलेसुद्धा. सिरोंचाकडची एक बारकी मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी, तिला भागाकारातलं बाकी उरणं समजत नव्हतं. मी तिला वड्यांचं उदाहरण देऊन समजावलं, मग जमिनीवर काडीने गणितं घालून दिली. ती तीन गणितं बरोबर सोडवून इतकी खूश झाली की मलाच भरून आलं. आणखी दोघींच्या वह्या बघितल्या. एकीच्या वहीला समास नव्हता, तो आखून दिला. एक वाजता घंटा झाली. माझी मुलगी बाबांबरोबर नळावर बाटल्या भरत होती. तिथूनच तिने हात केला.

परतीच्या बसमध्ये मी फुलून गेले होते. आष्टी येईपर्यंत मी बोलत होते. ती पोर कशी हुशार आहे, ओळ कशी शिस्तीत बसली, पुढच्या वेळी मोठा डबा आणायला हवा. बाबा खिडकीबाहेर बघत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "तू आपल्या पोरीशी काय बोलली?"

मी आठवायला लागले. पुढचा थांबा आला, गेला. मला हात धुऊन या आणि ताटल्या दे, एवढंच आठवलं.

त्यावर मी त्यांच्यावर चिडले. म्हणाले, मग काय त्या पोरांना तसंच बसू द्यायचं होतं? न बोलणाऱ्या माणसाशी भांडण्यात काही अर्थ नसतो, तरी मी घर येईपर्यंत भांडले. खरं म्हणजे मला घाबरल्यासारखं झालं होतं आणि ते मान्य करायचं नव्हतं.

ऑगस्टच्या भेटीला मी दुप्पट मोठा डबा नेला. मनाशी ठरवलं होतं की या वेळी मुलीसाठी वेगळी पुडी बांधायची. चार वड्या मी कागदात बांधल्याही होत्या, आणि माझ्या मते प्रश्न तिथेच सुटला होता. नाल्यांवरून पाणी जात होतं, बस दोनदा थांबली, आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. फाटकाशी पंधरावीस पोरं उभी. मला बघताच ओरडा झाला, वड्यावाल्या मॅडम आल्या. काही जण तर न सांगता ओळीत बसायला लागले. मला इतका आनंद झाला की मी आधी ती ओळ सरळ केली. मग बघितलं, तर मुलगी कुठेच नव्हती.

वॉर्डन बाई आल्या आणि मला थोडं बाजूला घेऊन म्हणाल्या की ती आजारी मुलींच्या खोलीत झोपली आहे, पोट दुखतं म्हणते, पण ताप वगैरे काही नाही. सकाळी सगळ्यांआधी आंघोळ करून, नवा फ्रॉक घालून ती फाटकाशी येऊन उभी होती. मग बाकीच्या मुली जमायला लागल्या, वड्यावाल्या मॅडम येणार, आज भागाकार शिकवणार, असं बोलायला लागल्या, आणि त्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. बाईंनी एवढंच सांगितलं आणि पुढे काही जोडलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर पंधरा मिनिटं बोलले असते.

मी डबा बाबांच्या हातात दिला आणि खोलीत गेले. लोखंडी खाटेवर मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी विचारलं, काय दुखतंय? ती म्हणाली, काही नाही. मी म्हणाले, काही नाही म्हणजे काय, नीट पूर्ण वाक्यात सांग. हे खरंच मी म्हणाले. ती न वळता म्हणाली, माझं काही दुखत नाही, मॅडम.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, हे काय मॅडम मॅडम लावलंय, मी तुझी आई आहे.

ती उठून बसली. पाच वर्षं मी तिच्या तोंडात पुस्तकी मराठी बसवली होती, ती सगळी त्या एका मिनिटात गळून पडली. "मंग इथी तरी आई होऊन ये ना," ती म्हणाली. "तिथी तू सगळ्यायची मॅडम होती, ते मले समजत होतं. इथी तं मॅडम दुसऱ्या हायेत. म्हणूनच आली मी इथी."

मला आधी राग आला. लाज मागून आली. मी बोलायला तोंड उघडलं, तर माझ्याकडची सगळी वाक्यं शाळेच्या भिंतीवर रंगवतात तसली निघाली. हे बघ बेटा, आपण सगळ्यांना समान, एवढं म्हणाले आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली. घराजवळचं हायस्कूल तिला का नको होतं, तिथले शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत हे ऐकून तिने बाबांकडे का बघितलं, ते मला त्या खाटेच्या कडेला बसून कळलं. पोर शिकायला म्हणून घरापासून चार तास लांब आली नव्हती. महिन्यातून तीन तास का होईना, आपल्या वाट्याला आई येईल, असा हिशोब करून आली होती. आणि पहिल्याच भेटीत मी ते तीन तास व्हरांड्यातल्या पोरांना वाटून टाकले होते. मला माझीच फार चीड आली.

पण आई म्हणून करायचं काय, हे मला खरंच सुचेना. गृहपाठ विचारायचा नाही, अक्षराचा विषय काढायचा नाही, तर मग बोलायचं काय? मी बाबांचा प्रश्न उसना घेतला आणि विचारलं, सकाळी काय खाल्लं? ती म्हणाली, उपमा. मी म्हणाले, बरा होता का? ती म्हणाली, नाही. इथे माझं भांडवल संपलं.

तेवढ्यात ती डोकं खाजवायला लागली. मी पुढे वाकून केस बाजूला केले आणि बघते तर उवा. चांगल्या पोसलेल्या, वसतिगृहाच्या उवा. सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो आजवर कुठल्या निकालाने झाला नाही. हाताला काम मिळालं. मी पाय वर घेऊन खाटेवर बसले, तिला ओढून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सुरू केलं. एक ऊ अंगठ्याच्या नखावर मारली की ती विचारायची, मोठी होती का? मी म्हणायचे, मोठी होती. मग ती आपण होऊन बोलायला लागली. या उवा कुणाच्या डोक्यातून कुणाच्या डोक्यात गेल्या, त्याचा तिने पूर्ण इतिहास सांगितला. कुणाशी भांडण झालं, कुणाशी मिटलं, दुसऱ्या रात्री ती किती रडली आणि शेजारच्या खाटेवरची तिच्याहून जास्त रडली म्हणून हिला गप्प बसावं लागलं. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मला ते किती जड गेलं हे देवालाच माहीत.

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. तिथे बाबा वड्या वाटत होते. वाटत होते म्हणजे डबा उघडा ठेवून शेजारी उभे होते. ओळ मोडली होती. हात कुणी धुतले असतील असं वाटत नव्हतं. एका दांडग्या पोराच्या दोन्ही हातांत तीन वड्या मी स्पष्ट बघितल्या, आणि मागे दोघीतिघी नुसत्याच उभ्या होत्या. आयुष्यभर लठ्ठे मोजणाऱ्या माणसाला वड्या मोजता येऊ नयेत? माझे पाय अक्षरशः शिवशिवायला लागले. मी नुसतं खिडकीतून ओरडले असते तरी ओळ लागली असती. मी मान फिरवली आणि पुढची ऊ शोधली.

घंटेला थोडा वेळ उरला असताना दारात सावली पडली. सिरोंचाकडची तीच बारकी मुलगी उभी होती. एका हातात रिकामी ताटली, दुसऱ्या हातात गणिताची वही. दाराच्या चौकटीला टेकून तिने आत बघितलं. मी ओळखीचं हसायच्या आधीच तिने माझ्या मुलीला विचारलं, "मॅडम आल्यात ना? मला वडी मिळाली नाही."

मला सवयीने ये म्हणायचं होतं. कागदाची पुडी माझ्या पिशवीत होती, चार वड्या होत्या, दोन मिनिटांचं काम होतं. पण मांडीवरच्या डोक्याने जरा जोर लावला.

"मॅडम नाही आल्या," माझी मुलगी म्हणाली. "माझी आई आली आहे."

त्या बारक्या मुलीने आम्हा दोघींकडे नीट बघून घेतलं, वही काखेत धरली आणि ताटली घेऊन परत गेली. मला तिचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण मी उठले नाही.